‘अजून ठरलं नाही’ असे म्हणायला लाजू नका

बारावीचा निकाल लागला, की वऱ्हाडातल्या एस.टी.च्या गाड्यांत एकच प्रश्न ऐकू येतो. परवा अकोल्याहून अमरावतीला जाताना तो मी पुन्हा ऐकला. गाडीने बोरगाव मंजू मागे टाकले होते. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी होती. शेजारचे वयस्क गृहस्थ तिची चौकशी करीत होते.

“मंग काय घेतलं व माय?”

“बी.एस्‌सी.ला नाव घातलं, काका.”

“बी.एस्‌सी. मंजे कायच्यात?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरलं नाही मंजे? ठरवल्याबिगर कालेजात जातेत का?”

त्यानंतर मूर्तिजापूर येईपर्यंत दोघेही बोलले नाहीत. काकांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. मुलीने तोंड खिडकीकडे वळवले होते. जणू काही तिने एखादा अपराधच कबूल केला होता!

विद्यार्थिमित्रहो, त्या मुलीच्या बाजूने चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी आपला मुख्य विषय ठरलेला नसणे हा दोष नाही. पण विषय ठरलेला नाही म्हणून पहिले वर्ष रिकामे घालवणे हा मात्र दोष आहे. कारण ज्या विषयाला मागणी अधिक असते, त्याचे दार त्या वर्षाच्या अखेरीस उघडते आणि थोड्यांसाठीच उघडते. ते दार कोणत्या नियमाने उघडणार हे मुलांना वेळेवर न सांगणे, हा आम्हा मोठ्या माणसांचा दोष आहे.

आधीच्या पिढ्यांनी काय केले?

विषय न ठरवता महाविद्यालयात जाणे हे काही नवे खूळ नव्हे. अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून नावाजले. नागपूर विद्यापीठाची स्थापनाही १९२३ चीच. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ, म्हणजे आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, निघाले. तोपर्यंत वऱ्हाडातली महाविद्यालये नागपूरला जोडलेली होती.

या साऱ्या काळात आपल्याकडचा बी.एस्‌सी.चा विद्यार्थी सामान्यतः तीन विषय घेऊन शिकत असे. कोणी पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित घेई, तर कोणी रसायन, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. तिन्ही विषयांना सारखेच वजन असे. ‘तुझा मुख्य विषय कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसे आणि कोणी ते मागतही नसे. खरी निवड एम.एस्‌सी.च्या वेळी होई. मागणी असलेल्या विषयाच्या थोड्या जागांसाठी चुरसही तेव्हाच लागे.

आजही काही ठिकाणी असेच चालते. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथे कृषी पदवीचा विद्यार्थी चार वर्षे पीकशास्त्र, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र असे सगळेच शिकतो. यांपैकी एक विषय आपला म्हणून घेण्याची वेळ पदव्युत्तर शिक्षणाला जाताना येते. त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि गुणानुक्रमाने विषय मिळतो. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याचेही तेच. हृदयरोग, अस्थिरोग की बालरोग, हे त्याने पहिल्या दिवशी सांगावे अशी अपेक्षा कोणीच करीत नाही.

मग बसमधल्या काकांना एवढी काळजी का वाटावी? त्यांची काळजी अगदीच निराधार नाही. बदललेली गोष्ट निराळीच आहे.

निवडीचा दिवस अलीकडे आला

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचे शिक्षण सुरू झाले. या आराखड्यात ‘मुख्य विषय’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. पदवीच्या एकूण श्रेयांकांपैकी, ज्यांना तुम्ही क्रेडिट म्हणता त्यांपैकी, निदान निम्मे श्रेयांक ज्या एका विषयात मिळवायचे तो मुख्य विषय.

आता यातला महत्त्वाचा भाग पाहा. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने निरनिराळ्या विषयांची ओळख करून घ्यावी आणि दुसऱ्या सत्राच्या अखेरीस घेतलेला मुख्य विषय कायम ठेवावा किंवा बदलून मागावा, अशी मुभा आयोगाने दिली आहे. हा बदल आपल्या विद्याशाखेच्या आत करायचा आहे. असे अर्ज सामावून घेण्यासाठी मंजूर जागांच्या वर १० टक्के जागा ठेवाव्यात असे सुचवले आहे. रिकाम्या जागा भरताना पहिल्या वर्षी ज्यांची सरासरी अधिक आणि ज्यांचा एकही विषय राहिलेला नाही, त्यांना प्राधान्य द्यायचे आहे.

थोडे गणित करू. समजा, एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या ६० जागा आहेत. १० टक्के म्हणजे आणखी ६. समजा, इतर विषयांतल्या ३० मुलांना वर्षाअखेरीस संगणकशास्त्राकडे यायचे आहे आणि एकही जागा रिकामी झालेली नाही. तीस अर्ज आणि सहा जागा, म्हणजे पाचांतून एक. उरलेल्या २४ मुलांनी काय करावे? हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

आता बदल तुमच्या ध्यानात आला असेल. पूर्वी जी निवड तिसऱ्या वर्षानंतर होई, ती आता पहिल्या वर्षानंतर करायची आहे. पूर्वी पहिल्या वर्षी ठेच लागली, तर सावरायला दोन वर्षे हाताशी असत. आता ती नाहीत. मुले मात्र अजून थोरल्या भावाचा सल्ला ऐकतात, की ‘पहिलं वर्ष आरामात काढ, खरा अभ्यास नंतर.’ हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे.

अभियांत्रिकीच्या मुलांना याची थोडी कल्पना असते. त्यांना शाखा प्रवेशाच्या वेळीच मिळते, परंतु पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सर्व शाखांना सारखे असतात. पहिले वर्ष संपल्यावर दुसऱ्या शाखेत जागा रिकामी असेल, तर गुणानुक्रमाने तिकडे जाता येते. त्यामुळे यंत्र शाखेतल्या मुलाच्या मनात संगणक शाखा वर्षभर घोळत असते.

किती काळ नुसते पाहावे?

निवड करण्याआधी किती काळ नुसते पाहण्यात घालवावा, यावर गणितात एक प्रसिद्ध कोडे आहे. समजा, तुमच्यासमोर शंभर आंबे एकामागून एक येणार आहेत. प्रत्येक आंबा पाहून ‘घेतला’ किंवा ‘सोडला’ असे तिथल्या तिथे सांगायचे. सोडलेला आंबा परत मिळत नाही. सर्वांत चांगला आंबाच हाती लागावा, तर काय करावे? उत्तर असे, की पहिले ३७ आंबे नुसते पाहावेत आणि सोडावेत. त्यानंतर या सर्वांपेक्षा सरस असा जो पहिला आंबा दिसेल तो घ्यावा. असे केल्यास सर्वोत्तम आंबा मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. दुसऱ्या कोणत्याही रीतीने ती याहून वाढत नाही.

यातून दोन धडे मिळतात. पहिला आंबा पाहताच उचलणारा फसतो आणि शेवटपर्यंत पाहत बसणाराही फसतो. पाहण्यासाठी ठरावीक काळ राखून ठेवावा आणि तो संपल्यावर मात्र निर्णय घ्यावा.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. तेथे पहिली तीन सत्रे सर्वांना गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र अशा विषयांचा समान पाया दिला जातो आणि मुख्य विषय नंतर निश्चित होतो. आठ सत्रांपैकी तीन म्हणजे साडेसदतीस टक्के! हा अर्थातच योगायोग आहे. विषय काही आंब्यांसारखे एकामागून एक येत नाहीत आणि सोडलेल्या विषयाकडे कधी कधी परतताही येते. पण एक गोष्ट उघड आहे. देशातल्या नामांकित संस्थेलाही आपल्या हुशार विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी विषय ठरवावा असे वाटत नाही. पुण्याच्या आयसर या २००६ साली स्थापन झालेल्या संस्थेनेही सुरुवातीची दोन वर्षे विज्ञानाच्या सर्व मूळ विषयांसाठी राखण्याची पद्धत ठेवली.

पऱ्हाटीचा पहिला महिना

आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना हे पऱ्हाटीच्या उदाहरणाने लवकर पटेल. कपाशी पेरल्यावर पहिले पाच-सहा आठवडे झाडावर पाती दिसत नाही, मग बोंड तर दूरच राहिले. परगावचा माणूस म्हणेल, ‘या झाडाचे काही ठरलेले दिसत नाही.’ पण त्या काळात झाडाचे सोटमूळ जमिनीत खोल उतरत असते. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात झाड तग धरते ते त्या मुळाच्या जोरावर.

मात्र आणखी एक गोष्ट शेतकरी जाणतो. पाती लागली नाही म्हणून तो शेत वाऱ्यावर सोडत नाही. उलट, डवरणी आणि निंदण याच दिवसांत करावे लागते. पहिल्या दोन महिन्यांत तण माजले, तर नंतर कितीही खत घाला, नुकसान भरून येत नाही. पहिल्या वर्षाचेही असेच आहे. फळ दिसले नाही तरी चालेल, पण मूळ उतरले पाहिजे आणि तण निघाले पाहिजे.

मग पहिल्या वर्षी करावे तरी काय?

‘आवड ओळखा’ असा उपदेश सगळेच करतात. पण आवड ओळखायची कशी, हे कोणी सांगत नाही. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. म्हणून मला वाटते, की हा प्रश्न प्रयोगाने सोडवावा.

प्रयोगात आधी अंदाज लिहून ठेवतात. तुम्हीही पहिल्या आठवड्यात वहीत लिहा: ‘मला आज अमुक विषय आवडेल असे वाटते आणि त्याचे कारण हे.’ कारण प्रामाणिकपणे लिहा. मैत्रीण घेते आहे म्हणून, नोकरी लागते म्हणून, नववीत शिकवणारे सर चांगले होते म्हणून, जे असेल ते लिहा. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा वाचा. कारण टिकले आहे की गळून पडले आहे, ते कळेल.

दुसरे, विषयाची परीक्षा त्याच्या सर्वांत कंटाळवाण्या भागावर करा. रंगीत प्रयोग पाहून रसायन सर्वांनाच आवडते. पण बुरेटवर डोळा ठेवून तेच मापन तिसऱ्यांदा करताना तुमचे मन लागते का? संगणकावर खेळ खेळणे कोणाला आवडत नाही? पण चाळीस ओळींच्या आज्ञावलीत चुकलेला एक स्वल्पविराम शोधताना दोन तास कसे गेले हे कळले नाही, असे तुमचे होते का? ज्या विषयाची कष्टाची बाजूही सोसवते, तो विषय आपला.

तिसरे, ग्रंथालयातून त्याच विषयाचे तिसऱ्या वर्षाचे पुस्तक काढून चाळा. सगळे समजणार नाही, समजावे असेही नाही. पण पुढे काय वाढून ठेवले आहे ते दिसेल. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणितातून सुटका झाली असे समजणाऱ्या किती तरी मुलांना पुढे संख्याशास्त्र भेटते!

आणि चौथे, महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन पहिल्याच महिन्यात तीन प्रश्न विचारा. मुख्य विषय कधी आणि कसा ठरतो? प्रत्येक विषयाला जागा किती? जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर कोणते गुण धरतात? उत्तर छापील नियमात दाखवून मागा. ‘नंतर बघू’ या उत्तरावर समाधान मानू नका. विचारण्यात उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.

या पद्धतीतली खोट

आता एका कठीण मुद्द्याकडे येतो. तो विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

पहिले वर्ष ओळखीसाठी आहे असे आपण म्हणतो आणि त्याच वर्षाच्या गुणांवर विषय देतो. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात. ज्या मुलाला गुण सांभाळायचे आहेत, तो अनोळखी आणि अवघड विषय हाती धरीलच कशाला? तो सोपा विषय घेईल, पाठ करील आणि सरासरी वाढवील. म्हणजे विषय शोधण्यासाठी दिलेले वर्ष गुण गोळा करण्यात जाईल.

ही भीती काल्पनिक नाही. काही आयआयटींनी पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची सोय अलीकडे बंद केली आहे. बदलीच्या आशेने मुले पहिले वर्षभर ताणाखाली राहतात, हे त्यामागचे एक कारण. अमेरिकेत विषय न ठरवता विद्यापीठात येणे ही नित्याची गोष्ट आहे, तेथेही हीच अडचण आली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विषय न ठरवता आलेल्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्र हवे असेल, तर सुरुवातीच्या ठरावीक अभ्यासक्रमांत ४ पैकी ३.३ सरासरी मिळवावी लागे. या अटीपायी कित्येकांना मागे फिरावे लागे. २०२३ पासून तेथे संगणकशास्त्राचा प्रवेश मुख्यतः सुरुवातीलाच देण्याची पद्धत आली. म्हणजे गर्दी वाढली, की ‘नंतर ठरवा’ ही मोकळीकच आधी आखडली जाते.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे भाषा. दर्यापूर, अंजनगाव, तेल्हारा, पातूर या भागांतून येणारी किती तरी मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. पुढे विज्ञान एकदम इंग्रजीतून समोर येते. अकोल्यात शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहिलेली मुले बारावीपर्यंत सरावतात, पण ज्यांच्या घरी ती ऐपत नाही, ती महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रातही चाचपडत असतात. माझ्या वर्गातली अशी एक मुलगी आठवते. पहिल्या सत्रात तिला पदार्थविज्ञानात जेमतेम उत्तीर्ण होण्याइतके गुण होते. ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे आपला ‘वेग’च हे कळायला तिला महिना लागला, कारण विचारायचा संकोच. तिसऱ्या सत्रात तीच वर्गाला फळ्यावर गणिते सोडवून दाखवीत होती. तिच्या वेळी जुनी पद्धत होती आणि तिला सावरायला वेळ मिळाला. आज ती असती, तर तिची सर्वांत कमकुवत सत्रेच तिच्या विषयाचा निकाल ठरवून गेली असती!

गुण पाहूच नयेत असे मी म्हणत नाही. जागा सहा आणि अर्ज तीस असतील, तर काही तरी मोजावेच लागेल. वशिल्यापेक्षा गुण केव्हाही बरे. पण मोजताना शहाणपण दाखवता येईल. सगळ्या विषयांच्या सरासरीपेक्षा मागितलेल्या विषयाचे आणि त्याला लागणाऱ्या गणिताचे गुण अधिक धरावेत. पहिल्या सत्रापेक्षा दुसऱ्या सत्राला अधिक वजन द्यावे, म्हणजे सावरलेल्या मुलावर अन्याय होणार नाही. अर्जदारांची यादी, गुण आणि जागा फलकावर लावाव्यात. आणि हे सर्व जून-जुलैतच, पहिल्या तासाच्या आधी सांगावे. शर्यत संपल्यावर नियम सांगितले, तर ती शर्यत राहत नाही.

दार बंद झाले तर?

एका वर्षाच्या कसोटीची एक गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहू आणि मग ठरवू, या अटीवर त्यांना घेण्यात आले. वर्षाअखेरीस त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले. १९३९ साली त्यांना केंब्रिजची जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी. मिळाली.

ही गोष्ट मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्यात दुसराही धडा आहे. एका असामान्य मुलीने अन्यायाचे दार ओलांडले, म्हणून ते दार न्यायाचे ठरत नाही. जी मुली त्या दारावरून परत गेल्या असतील, त्यांची नावे आपल्याला कळलेलीच नाहीत.

आणि हवा तो विषय नाहीच मिळाला, तर? वाईट वाटेल, वाटू द्या. पण विज्ञानात एका दाराशी वाट संपत नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली बडोद्याहून पदार्थविज्ञानाची बी.एस्‌सी. घेतली आणि १९७६ साली अमेरिकेत त्याच विषयाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर आपले मन जीवशास्त्रात आहे हे ओळखून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि जीवशास्त्राचे पाठ पहिल्यापासून गिरवू लागले. पेशीतल्या रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेही रसायनशास्त्राचे!

इतक्या दूर जायचे नसेल, तर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी चला. तेथे १८९८ साली जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर. ते बॅरिस्टरही झाले. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले आणि आज अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. पदवीवरचा विषय आणि आयुष्याचे काम ही नेहमी एकच गोष्ट असते असे नाही.

तरीही या थोरांच्या गोष्टी सांगून आम्हा शिक्षकांना मोकळे होता येणार नाही. दहावी-बारावीच्या शिक्षकांनी मुलांना एवढे तरी सांगावे, की विषय न ठरवता गेलात तरी चालेल, पण निवडीचा दिवस कधी येतो ते विचारून जा. महाविद्यालयाच्या शिक्षकांनी पहिल्या वर्षाचा वर्ग नवख्या सहकाऱ्यावर सोपवून न देता स्वतः घ्यावा. मुलगा एखाद्या विषयाच्या प्रेमात पडतो किंवा त्याला कायमचा दुरावतो, तो याच वर्गात.

बडनेरा जवळ आले तेव्हा मी त्या मुलीशी बोललो. तिने रसायन, वनस्पतिशास्त्र आणि गणित असे विषय मनात धरले होते. ही जोडी तिच्या महाविद्यालयात मिळते की नाही, हे तिने अजून विचारले नव्हते. मी तिला वर लिहिलेले तीन प्रश्न सांगितले. तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या एका पाकिटावर मागच्या बाजूला लिहून घेतले. काका सगळे ऐकत होते. गाडी अमरावतीच्या स्थानकात शिरताना ते उठले आणि तिला म्हणाले, “हापिसात आजच जाऊन इचार व माय. एक वाजला का खिडकी बंद होते.”

मला वाटते, दिवसभरात तिला मिळालेला सर्वांत उपयोगाचा सल्ला तोच असावा.